बसका फेटा

रुपालीला बघून गेलेल्या पाहुण्यांना अठरा दिवस झाले होते आणि त्यांच्या ‘कळवतो’ या शब्दापुढे एक अक्षरही आलेलं नव्हतं. चांगदेवचा जीव टांगणीला लागला होता. दुकानात इस्त्री फिरवताना त्याचा एक कान सतत शेजारच्या एसटीडी बूथकडे असे. या नादात त्याने रेल्वेतल्या एका गार्डसाहेबांच्या पांढऱ्या पँटला एका पायावर दोन-दोन घड्या पाडून दिल्या होत्या आणि गार्डसाहेब ती घालून दोन स्टेशनं फिरूनही आले होते.

दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या तोंडाशी चांगदेवची लॉन्ड्री. लग्नसराईत तो फेटेही बांधायचा. कापडाला खळ किती लावायची हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं, त्यामुळे त्याने उभा केलेला तुरा जेवणावळी उठेपर्यंत ताठ राहायचा. पंचवीस वर्षं तो एकाच पद्धतीचा फेटा बांधत आला होता. गोल पीळ, वर वीतभर तुरा, मागे पाठीवर सोडलेला शेमला. मानकरी कुणीही असो, फेटा तोच.

मुलगा चांगला होता. सुरज नाव, रांजणगावच्या कंपनीत कामाला, आणि तोही पर्मनंट. वडील आण्णा म्हणजे इनामगावच्या बाजूचे मोठे बागायतदार. माणूस वाईट नव्हता, पण मानाला फार जपायचा. पत्रिकेत नाव तिसऱ्या ओळीत गेलं म्हणून सख्ख्या मावसभावाच्या लग्नाला ते मांडवाबाहेर उभे राहून अक्षता टाकून आले होते. अशा घरात मुलगी द्यायची म्हणजे वाऱ्यावर दिवा नेण्यासारखं होतं, पण चांगदेवला तेच स्थळ हवं होतं.

आणि आता येत्या रविवारी यवतच्या मंगल कार्यालयात अनसाबाईच्या, म्हणजे चांगदेवच्या बायकोच्या, चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. नवरदेव आण्णांचा सख्खा भाचा. म्हणजे आण्णा नवरदेवाचे मामा म्हणून येणार. आणि फेटे बांधायला कोण? चांगदेव.

“देवानंच गाठ घालून दिली बघ,” चांगदेव बायकोला म्हणाला.

“गाठ नीट बांधा म्हंजी झालं,” अनसाबाई म्हणाली.

नेमक्या त्याच आठवड्यात ती सीडी घरात आली.

रुपालीची मैत्रीण अंकिता हिच्या भावाने ती पुण्याहून आणली होती. चांगदेव दुपारी जेवायला घरी आला, तर दोघी पोरी टीव्हीसमोर उभ्या, आणि रुपालीच्या डोक्याला अनसाबाईची ठेवणीतली साडी गुंडाळलेली. टीव्हीवर एक आखूड केसांची बाई खिदळत होती, नाचत होती आणि हातातल्या एकाच ओढणीचं कधी पागोटं, कधी झोळी, कधी कमरपट्टा करून दाखवत होती. एक कापड आणि एकवीस तऱ्हा. चुकलं की ती स्वतःच हसायची, सोडायची आणि पुन्हा बांधायची.

रुपालीने झटकन साडी ओढून काढली. “आप्पा, नुसती गंमत चालली व्हती.”

एरवी चांगदेव बोलला असता. पाहुणे जुन्या वळणाचे आहेत, उत्तर येईपर्यंत पंजाबी ड्रेससुद्धा घालू नकोस, असं त्याने तिला बजावलेलं होतं आणि तेव्हापासून पोरगी गप्पगप्प असायची. पण आत्ता त्याची नजर टीव्हीवर खिळली होती.

“लंबा चेहरा? चौड़ा बाँधो! गोल चेहरा? ऊँचा बाँधो!” बाई म्हणाली आणि तिने तसं बांधून दाखवलं. समोर बसलेली लांबोड्या तोंडाची पोरगी बघताबघता देखणी झाली.

“मागं घे गं जरा,” चांगदेव म्हणाला. “तेवढंच परत लाव.”

त्याने ते सात वेळा पाहिलं. पंचवीस वर्षं आपण डोकी बांधत आलो आणि डोक्याखाली तोंड असतं हे कधी ध्यानातच घेतलं नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं. जेवण तसंच राहिलं. रात्रीपर्यंत थांबायचाही त्याला धीर नव्हता. त्याने दुकानातून एक धुवट फेटा आणला, आरशासमोर बसला आणि स्वतःवर सुरुवात केली. तिरका बांधून पाहिला, तुरा कानावर आणून पाहिला, शेमला पुढे छातीवर सोडून पाहिला. शेवटी एक असा जमला की तो स्वतःलाच ओळखू येईना. तसाच दुकानात गेला.

“काय चांगदेव, कुणाचं लग्न?” एका ड्रायव्हरसाहेबांनी कपडे टाकताना विचारलं.

“कुणाचं न्हाई.”

“मग?”

“बरं वाटतंय जरा,” चांगदेव म्हणाला आणि लाजला.

त्या संध्याकाळी त्याच्या मनात तो बेत शिजला. आण्णांचं तोंड लांब. नेहमीचा उंच फेटा घातला की ते आणखी लांब दिसणार, हे त्याला आता लख्ख दिसत होतं. त्यांना रुंद, बसका फेटा बांधला की माणूस दहा वर्षांनी तरुण दिसेल. तरुण दिसला की खुश होईल. खुश झाला की होकार देईल. या हिशेबात त्याला कुठेच खोट दिसेना.

“मानपानाच्या लग्नात असले खेळ करू नगा,” अनसाबाई म्हणाली. “सगळ्यांना सारखं बांधा आन् हात धुवून मोकळं व्हा.”

“तुला त्यातलं कळत न्हाई. तोंड बघून बांधायचं असतंय.”

“त्यांची तोंडं बघाल आन् आपल्या पोरीचं ऱ्हाईल.”

पण तोवर चांगदेवने मनातल्या मनात आण्णांना तरुण करून टाकलेलं होतं.

रविवारी बारा पस्तीसचा मुहूर्त होता. साडेअकराला वऱ्हाड उतरलं आणि वीस मानकरी खोलीत ओळीने खुर्च्यांवर बसले. चांगदेवने पहिला फेटा आण्णांना बांधला. बांधला असा की त्याचा त्यालाच अभिमान वाटला. कपाळावर रुंद, चापून बसलेला, तुरा आत दुमडलेला, शेमला डाव्या खांद्यावरून पुढे. खोलीत आरसा नव्हता. आण्णांनी हात वर नेऊन चाचपलं आणि नुसतं “हं” म्हणाले. त्या ‘हं’चा अर्थ लावत चांगदेव पुढच्या डोक्याकडे वळला.

सातव्या खुर्चीवर एक गोल गरगरीत तोंडाचा गडी बसला होता. पांढरा शुभ्र सदरा, गळ्यात चेन, बोटात दोन अंगठ्या.

“मला बी?” तो म्हणाला.

“बसा की पावनं, असं काय करताय?” चांगदेव म्हणाला.

गोल तोंडाला उंच. चांगदेवने जीव ओतून दीड वितीचा तुरा उभा केला. पंख्याचा वारा लागला तरी हलेना. ओळीतल्या इतरांना ज्याच्या-त्याच्या तोंडाप्रमाणे कमी-जास्त उंची मिळाली. सगळ्यात ठेंगणा फेटा आण्णांचा आणि सगळ्यात उंच त्या पाहुण्याचा. पाहुणा निघताना पाया पडायला वाकला, तेव्हा कुठे चांगदेवने नाव विचारलं.

“पोपट. आण्णांच्या जीपवर ड्रायव्हर हाय मी.”

चांगदेवच्या तोंडचं पाणी पळालं. परत सोडून बांधावा, तर तेही जमणारं नव्हतं. लग्नात बांधलेला फेटा अक्षता पडेपर्यंत डोक्यावरून उतरवायचा नाही, ही त्या भागातली रीत. उतरवला तर अपशकुन. मांडवात गर्दी आहे, कुणाचं लक्ष जाणार नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली. एवढ्यात लाऊडस्पीकर खरखरला.

“मामा-मामांची भेट होत आहे. नवरदेवाचे मामा कुठं असतील त्यांनी पुढं यावं!”

बँडने सूर धरला. नवरीचे मामा सकाळीच सोलापूरहून आले होते. पैलवान गडी, पण या पाहुण्यांपैकी कुणालाच त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. हातात हार घेऊन त्यांनी समोरच्या घोळक्यावर नजर फिरवली. वीस फेट्यांत एक तुरा सगळ्यांच्या वर अर्धी वीत निघालेला. मामाला आणखी काय खूण पाहिजे? ते सरळ त्याच्याकडे गेले.

“अवो, मी न्हाई, मी—” पोपट म्हणाला, पण बँडपुढे त्याचं कोण ऐकणार? सोलापूरच्या मामांनी त्याच्या गळ्यात हार घातला, त्याला मिठी मारली आणि रीतीप्रमाणे कमरेत धरून दोन फूट वर उचललं. टाळ्या पडल्या. फोटोग्राफरने दोन फोटो काढले.

तिथून चार पावलांवर आण्णा उभे होते. भेटीसाठी त्यांनी दोन्ही हात पसरलेले होते. ते त्यांनी हळूहळू खाली घेतले, एकदा पोपटच्या तुऱ्याकडे पाहिलं, एकदा चांगदेवकडे पाहिलं, आणि मांडवाबाहेर चालू लागले. ते ओरडले असते तर चांगदेवला बरं वाटलं असतं.

पाच मिनिटांत बोंब झाली. मामा रुसले. नवरदेवाचे वडील रखमाजी घाम पुसत आले.

“चांगदेवराव, काय करून ठिवलंत? ड्रायव्हरला तुरा आन् मामाला चपाती? आता पाठीमागं मामा उभा ऱ्हायल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. बारा अठरा झालं!”

चांगदेवने एक कोरा फेटा काखेत मारला आणि पळत सुटला. त्याला आता त्या नवरीचीही काळजी नव्हती आणि नवरदेवाचीही. अठरा दिवसांचा ‘कळवतो’ आता कधीच कळवला जाणार नाही, आणि आपल्या हौसेपायी पोरीचं नुकसान झालं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. अनसाबाई आणि रुपालीच्या समोरून जाताना त्याने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

आण्णा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले होते. पोपट बाहेर उभा.

“गाडी काढ,” आण्णा म्हणत होते.

“बसता येत न्हाई, आण्णा. तुरा छताला लागतोय.”

“मग उतरव तो.”

“अक्षता पडायच्यात अजून. अपशकुन व्हईल. भाचा तुमचाच हाय.”

“वाकून चालव.”

पोपटने वाकून पाहिलं. तुरा समोरच्या काचेवर टेकला आणि काचेतून रस्ता दिसेनासा झाला. तो पुन्हा बाहेर आला. “तुमचा बसका हाय म्हणून तुम्ही बसला आत,” तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

आण्णांचा चेहरा लाल झाला. “व्हय. माझा बसका. ड्रायव्हरचा उंच.”

“आण्णा, माझी चूक झाली,” चांगदेव काकुळतीला येऊन म्हणाला. “हा दुसरा आणलाय. आधीचा उतरवायचा न्हाई, त्याच्यावरच चढवतो. दोन वितीचा करतो. सगळ्या मांडवात तेवढा उंच—”

आण्णांचा हात समोरच्या आरशाकडे गेला. त्यांनी आरसा आपल्याकडे वळवला. झालं, चांगदेवच्या मनात आलं, आता हे स्वतःच गाडी चालवून निघणार. त्याने जीपचं दार घट्ट धरून ठेवलं.

पण आण्णा सरकले नाहीत. त्यांनी आरसा आणखी थोडा वळवला. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. खांद्यावरचा शेमला बोटभर पुढे ओढला आणि पुन्हा पाहिलं.

“आण्णा, बांधू का?” चांगदेवने फेटा उलगडायला घेतला.

“थांबा.”

“दोन मिनिटात—”

“थांबा म्हणतो ना!”

एवढ्यात आण्णांच्या बायको गिताबाई तरातरा आल्या. नवऱ्याची समजूत घालायची त्यांना आयुष्यभराची सवय होती. आल्या त्या बोलतच आल्या. “अवो, तिकडं पोरगं बोहल्यावर चढलंय आन् तुमचं हे काय—” जीपमध्ये पाहून त्या थबकल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. “अगं बाई! मला वाटलं, कोण बसलंय! सुरज तुमच्या तोंडावळ्यावर गेलाय असं सगळे म्हणायचे. मला आजपातूर कवा दिसलं न्हाई ते.”

आण्णांनी घसा साफ केला. आरशात एकदा शेवटचं पाहिलं आणि खाली उतरले. चांगदेवकडे न बघता ते मांडवाकडे चालू लागले. चालही बदलली होती.

दारातच रखमाजी भेटले. “चला, मिटलं म्हणायचं. आण्णा, माफ करा, चांगदेवरावांनी तुम्हाला असा ठेंगणा—”

“ठेंगणा कुठला?” आण्णा मोठ्याने म्हणाले. चारचौघांत एकदा रुसल्यावर आपण आरशावर भाळून परत आलो हे सांगायची सोय नव्हती. “जुनी रीत म्हाईत हाय का तुम्हाला? मानाचा फेटा बसकाच असतो. चांगदेवराव जाणकार म्हणून त्यांनी वळखून बांधला. उंच बांधतात ते बाकीच्यांना.”

रखमाजींचा हात आपोआप स्वतःच्या फेट्यावर गेला. तो चांगला वीतभर उंच होता. ते नवरदेवाचे वडील होते.

“म्हंजी मी बाकीचा?”

शेजारी उभे असलेले चार-पाच हातही आपापल्या तुऱ्यांवर गेले. ही बातमी मांडवात पसरायला बँडसुद्धा थांबावा लागला नाही. चुलते आले, भावकीतले आले, सरपंच आले. सगळ्यांना बसका हवा होता. बारा सव्वीस झाले होते. फेटे उतरवायचे नव्हते आणि उंचही ठेवायचे नव्हते. चांगदेवच्या आयुष्यात एवढी आणीबाणी कधी आली नव्हती.

शेवटी त्याच्यातला परीट धावून आला. खळ पाण्यापुढे टिकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? एरवी इस्त्रीच्या कपड्यावर तो तोंडाने गुळणी मारायचा. पण मानकऱ्यांच्या डोक्यावर तसं करणं म्हणजे दुसरा रुसवा. त्याने भटजींच्या पुढ्यातली पळी आणि पंचपात्र उचललं.

“अहो, अहो, ते संकल्पाचं पाणी आहे!” भटजी म्हणाले.

“संकल्पच सोडतोय, गुरुजी,” चांगदेव म्हणाला आणि एकेका तुऱ्यावर पळी-पळी पाणी सोडत सुटला. तुरे माना टाकू लागले. पडलेला तुरा आत खोचायचा, वरून तळव्याने दाबायचं, पुढचं डोकं. रखमाजींचं तोंड मुळातच पुरीसारखं गोल, त्यावर तो दाबलेला ओला फेटा बसला आणि पाण्याचा ओघळ मिशीपर्यंत आला. पण ते समाधानाने बोहल्यापाशी जाऊन उभे राहिले. त्यांना मान मिळाला होता, दिसण्याचं नंतर बघता आलं असतं.

“पोपटराव, या,” चांगदेवने शेवटी हाक मारली.

पोपट मागे सरला. “माझा ऱ्हाऊ द्या. मी बाकीचाच बरा.”

बारा पस्तीसला अक्षता पडल्या. नवरदेवाच्या मागे आण्णा ताठ उभे होते आणि फोटोग्राफर कुठे आहे यावर त्यांचं नीट लक्ष होतं.

जेवणं झाल्यावर आण्णांनी चांगदेवला बाजूला बोलावलं. चांगदेव उरलेली बुंदी पानात टाकून उठला.

“पोरगी पसंत हाय आमाला,” आण्णा म्हणाले. “पयल्या दिवशीच पसंत व्हती. पण लगीच कळवलं तर मान ऱ्हात न्हाई, म्हणून थांबलो व्हतो. मागणं काय न्हाई. एकच अट.”

“बोला की, आण्णा.”

आण्णांनी इकडे-तिकडे पाहिलं. “लग्नात बसका फेटा फक्त माझा. दुसऱ्या कुणाचा न्हाई.”

“व्हय, व्हय!” चांगदेवच्या डोळ्यांत पाणीच आलं. तो हात धुवायला नळावर गेला, तर तिथे रखमाजी उभे. पोरीचं जमल्याचं त्यांना आधीच कळलेलं होतं.

“चांगदेवराव, आता तुमच्या लग्नात मी पावना. माझा फेटा बसका. आन् आण्णांपरीस बोटभर जास्त बसका,” ते म्हणाले.

दौंडला परतताना रेल्वेच्या शटलमध्ये चांगदेव खिडकीशी बसून बोटांवर मोजत होता. एकाला बसका, दुसऱ्याला त्याहून बसका, सरपंच आहेतच. शेवटी त्याने सगळं बायको-पोरीला सांगितलं. होकार आला हे सांगताना त्याचा आवाज फुटला आणि अट सांगताना बसला.

“रजिस्टर लगीन लावू,” अनसाबाई म्हणाली. “तिथला सायेब बोडकाच बसतोय.”

चांगदेवला ते हसण्यावारी नेता येईना. त्याने रुपालीकडे पाहिलं. पोरगी खाली मान घालून साडीच्या पदराशी खेळत होती. त्याला एकदम वेगळीच धास्ती वाटली. अठरा दिवस आपण आण्णांच्या उत्तराची वाट पाहिली आणि हिला काही विचारलंच नाही.

“तुझं काय गं? खरं सांग. ते घर जुन्या वळणाचं हाय. तुला झेपंल का?”

रुपालीने मान वर केली. ती हसत होती.

“आप्पा, मी जीपच्या मागंच उभी व्हते. आरशात बघत व्हते ना आण्णा, तवाच मी ठरवलं. त्या घरात मला कुणी ड्रेस घालू नको म्हणायचं न्हाई.” मग ती म्हणाली, “पर आरसा एकच असला तर माझी पाळी कवा येणार, तेवढं इचारून घ्या.”